धोका कलमावरून कळत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बाराशे वस्तीच्या एका गावची पोलीस पाटील आहे. या कामाला मला चौदा वर्षं झाली. पहिली विनंती ही, की माझं नाव आणि गाव छापू नका. गाव कळलं की यातली एक मुलगी कळेल, आणि पोक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या कलम २३ नं ते उघड करायला तुम्हाला मनाई आहे, मलाही तसंच वागलं पाहिजे. थोडे तपशील मी त्यासाठीच फिरवून लिहिले आहेत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या पोरांनी एक ठराव मांडला. बायालेकरांवर अत्याचार करून ज्यांना शिक्षा झाली, त्या सगळ्यांचे फोटो नाव-पत्त्यासकट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायचे. आजूबाजूच्या गावांतलेही. अशा गुन्हेगारांची केंद्र सरकारची यादी फक्त पोलिसांना दिसते, लोकांना दिसत नाही, तर आपली आपण करू. टाळ्या पडल्या. माझ्या बाजूला बसलेल्या आशाताईंनीही हात वर केला. मी उठून म्हटलं, थांबा, दोन-तीन गोष्टी आधी पाहू. मागून एक पोरगा ओरडला, "ताई, तुमाले त्याचा येवढा पुळका कायले?" मग जो गलका झाला त्यात सभा गुंडाळली आणि ठराव २ ऑक्टोबरवर गेला. तिथं मला बोलता आलं नाही ते इथं लिहिते.

'त्याचा' म्हणजे कोणाचा हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. २०१७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगी सात वर्षांची. आई मजुरीला गेली की ती शेजारच्या घरी खेळायची. एक दिवस आईनं आगपेटी आणायला त्याच घरी पाठवलं तर ती आपल्याच उंबऱ्यावर बसून राहिली. "मी तिथं नाई जात." एवढंच. आई आधी रागावली, मग घाबरली, मग मला बोलवायला आली. मी मायलेकींना काळीपिवळीत बसवून ठाण्यात नेलं. फाट्यावर मुलीला नड्डे घेऊन दिले. तिनं पाचही बोटांत एकेक नड्डा घातला आणि ठाणं येईपर्यंत हात तसाच मांडीवर ठेवून बसली. खाल्ला एकही नाही. आज ती पंधरा वर्षांची आहे, शिकायला मामाकडे असते, पण तिचं नाव निघालं की मला ती बोटंच दिसतात. माझ्या मनात त्या माणसाविषयी पुळका आहे असं ज्या पोराला वाटलं, तो तेव्हा स्वतः चौथीत होता.

त्या माणसाला पोक्सोच्या कलम १० खाली पाच वर्षं लागली. बारा वर्षांखालच्या लेकरावर लैंगिक हल्ला, पण बलात्कार नाही. त्याला कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त सात वर्षं आहेत. "नुसता हातच तर लावला" असं म्हणणारे तेव्हाही होते. २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठानं एका दुसऱ्या प्रकरणात कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही असा निकाल दिला, तेव्हा अशा लोकांना जोर आला. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात तो निकाल रद्द केला आणि हेतू पाहायचा असं स्पष्ट सांगितलं. पहिली बातमी गावात चावडीवर वाचली गेली, दुसरी वाचलेली मी तरी ऐकली नाही.

२०२२ मध्ये तो सुटून आला. मला कसं कळलं? पिठाच्या गिरणीवर. माझ्या पुढं डबा ठेवून उभी असलेली बाई म्हणाली, "आला म्हन्ते तो." जेलमधून मला कागद नाही, ठाण्यातून फोन नाही. आता याच्या उलट पाहा. आमच्या गावचा खुनाच्या प्रकरणातला एक कैदी आहे. त्यानं संचित रजा मागितली की बीट जमादार दोनदा गावात येतात, माझा जबाब घेतात, मेलेल्याच्या घरच्यांना विचारतात, जामीनदार कोण ते लिहितात. काही दिवसांच्या रजेसाठी एवढी चौकशी होते. शिक्षा संपून जो कायमचा गावात येतो त्याच्यासाठी मात्र एक ओळ नाही.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी तहसीलच्या कामाला निघाले होते. फाट्यावर एक ऑटो उभा. आत दहा-अकरा लेकरं, दप्तरं बाहेर लटकवलेली. समोर ड्रायव्हरच्या सीटवर दोन लहान मुली त्याच्या दोन बाजूंना. ड्रायव्हर तो होता. एकीच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन तो झाकण घट्ट करून देत होता. मला पाहिलं आणि त्यानं नजर फिरवली. माझी एसटी समोरून निघून गेली, मला हात दाखवायचं सुचलं नाही.

तीन गावांच्या आईबापांनी मिळून तो ऑटो लावला होता. शाळेचा त्याच्याशी संबंध नव्हता. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासनानं निर्णय काढला. शाळेत कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. चांगला निर्णय आहे, मी स्वतः आमच्या शाळेत तक्रारपेटी लागली का ते पाहून आले. पण आईबापांनी लावलेला ऑटोवाला कोणाचा कर्मचारी? त्याची पडताळणी कोण मागणार? खेड्यातली लेकरं तालुक्याला अशाच ऑटोंनी जातात.

मी ठाण्यात गेले. ठाणेदार साहेबांनी संगणकावर पाहिलं, नाव यादीत होतं. म्हणाले, "आहे ना. पण त्याला ऑटो चालवायला मनाई करणारा कागद माझ्याकडे नाही." त्यांनी मालकाला बोलावून ऑटो काढून घ्यायला लावला. हे त्यांनी माणुसकीनं केलं, कायद्यानं त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. दुसऱ्या ठाणेदारानं केलं नसतं तर मी काय करणार होते?

ही यादी २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. गृह मंत्रालयाची, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं सांभाळलेली. सुरू झाली तेव्हाच तिच्यात चार लाखांवर नोंदी होत्या, २००५ पासून शिक्षा झालेल्यांच्या. लोक समजतात की यादीत नाव म्हणजे त्या माणसावर पोलिसांची नजर आहे. तसं काही नाही. ज्याचं नाव आहे त्याच्यावर यादीमुळे कसलंच बंधन येत नाही. घर बदललं तर कळवावं लागत नाही, काम बदललं तरी नाही. न्यायालय सुटणाऱ्याला पत्ता कळवत राहण्याचा हुकूम देऊ शकतं, पण तो दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्यासाठी, तोही जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत. म्हणजे यादी कपाटात आहे, आणि कोणी विचारलं तरच कपाट उघडतं.

आता दुसरा माणूस. याच्याबद्दल ग्रामसभेत कोणी बोललं नाही, कारण तो त्याच यादीत आहे हे कोणाच्या ध्यानातच नाही.

२०१६ च्या कापूस वेचणीत आमच्याच गावचा एक वीस वर्षांचा पोरगा आणि सतरा वर्षं चार महिन्यांची मुलगी पळून गेले. आदिलाबादकडे जिनिंगमध्ये कामाला लागले. मुलीच्या बापानं तक्रार दिली. पाच महिन्यांनी सापडले तेव्हा मुलगी पोटुशी होती. वय ठरलं शाळेच्या दाखल्यावरून. मुलीनं कोर्टात सांगितलं, मी माझ्या पायांनी गेले. पण अठराच्या आत संमती धरत नाहीत, आणि मुलगी गरोदर राहिली की पोक्सोत तो गुन्हा आपोआप सगळ्यात वरच्या वर्गात जातो, कलम ६ मध्ये. तेव्हा त्याला किमान दहा वर्षं होती. न्यायाधीशांना कमी करायची मुभाच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तेच किमान वीस वर्षं झालं आहे. शिक्षा झाल्यावर पोरगा दोन वर्षं आत राहिला, मग अपिलात जामीन मिळाला. अपील नागपूरला पडून आहे. लग्न झालं आहे, दोन लेकरं आहेत, सासरा आता नातवाला खांद्यावर घेऊन पोळ्याला बैल दाखवायला नेतो. जिनिंगच्या वॉचमनची जागा निघाली तेव्हा चारित्र्याचा दाखला मागितला, आणि पोरगा अर्ज न देताच परत आला. माझ्या सपरीत बसून म्हणाला, "ताई, त्या कागदावर काय लिवून येईन ते मले माहीत हाये." त्याची बायको उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

अशी प्रकरणं थोडी नाहीत. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० च्या सात हजारांवर पोक्सो निकालांचा अभ्यास झाला आहे. त्यात जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला. विधी आयोगानं २०२३ च्या अहवालात संमतीचं वय खाली आणायला नकार दिला. मलाही ते खाली आणलेलं नको. मी तेरा-चौदाच्या मुलींना 'प्रेम' म्हणून कसं फसवतात ते पाहिलं आहे. पण सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षा कमी करायची मोकळीक असावी, असंही त्याच अहवालात म्हटलं आहे.

आता हे दोघं शेजारी शेजारी ठेवा. सात वर्षांच्या लेकराला हात लावणाऱ्याला कलम १०, पाच वर्षं. बायकोला पळवून नेणाऱ्याला कलम ६, दहा वर्षं. कलम आणि शिक्षा पाहून धोक्याचे वर्ग पाडले तर ऑटोवाला खालच्या खणात जाईल आणि हा पोरगा वरच्या. पोरांनी मागितलेल्या बोर्डावर दोघांचे फोटो एकाच रांगेत लागतील, आणि खाली कलम लिहिलं तर पोरग्याचा गुन्हा मोठा दिसेल.

हे मी कल्पनेनं सांगत नाही. २०१८ ला यादी यायची होती तेव्हा पेपरांत छापून आलं होतं की कमी धोक्याच्या माणसाची नोंद १५ वर्षं, मध्यम धोक्याच्या माणसाची २५ वर्षं, आणि सराईत, हिंसक, सामूहिक बलात्कार किंवा कोठडीतला बलात्कार करणाऱ्याची जन्मभर ठेवणार. माझी मुलगी वकिलीचं शिकते, तिनं दाखवलं की हेच तीन आकडे, १५, २५ आणि जन्मभर, अमेरिकेच्या २००६ च्या कायद्यात आहेत. तिथं वर्ग ठरतो तो मुख्यतः कोणत्या कलमात शिक्षा झाली त्यावरून. माणूस आज कसा आहे, सुटून किती वर्षं नीट राहिला, हे वर्ग ठरवताना धरत नाहीत. आपल्याकडे आकडे आले. धोका कमी की मध्यम हे कोण, कधी, काय पाहून ठरवतं, ते मला ठाण्यात कोणी सांगू शकलं नाही, आणि नाव चुकीच्या खणात पडलं तर अर्ज कोणाकडे करायचा तेही नाही.

अमेरिकेतल्या एका आईची गोष्ट मुलीनं वाचून सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९८९ मध्ये मिनेसोटात जेकब वेटरलिंग नावाचा अकरा वर्षांचा मुलगा पळवला गेला. आई पॅटी हिनं झगडून कायदा करवून घेतला. १९९४ मध्ये तिच्या मुलाच्या नावानं अशा नोंदणीचा पहिला राष्ट्रीय कायदा झाला. तेव्हा ती यादी मुख्यतः पोलिसांपुरती होती. १९९६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेगन नावाच्या मुलीच्या खुनानंतर ती लोकांना खुली करणं भाग पाडलं गेलं. पुढे याद्या फुगल्या, त्यात अल्पवयीन पोरंही आली. जेकबचे अवशेष २०१६ मध्ये सापडले. त्याच्या आधीच पॅटी जाहीरपणे म्हणू लागली होती की हे कायदे हवे होते त्याच्या फार पुढे गेले आहेत, त्यांचा फेरविचार करा. ज्या आईचं लेकरू गेलं, जिच्यामुळे कायदा आला, तीच हे म्हणते. आमच्या सभेत ती उभी राहिली असती तर तिलाही पुळका आला म्हटलं असतं का?

इंग्लंडात वेगळा रस्ता आहे. तिथं सुटलेल्यानं स्वतः पोलिसांकडे नोंद करायची असते, पण यादी लोकांना खुली नाही. एखाद्या आईला आपल्या लेकराजवळ वावरणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल शंका असेल तर ती पोलिसांना विचारू शकते, आणि गरज दिसली तर पोलीस फक्त तिला सांगतात. २००८ मध्ये काही भागांत सुरू करून नंतर सगळीकडे नेलं. आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कधीच फेरतपासणी न करता जन्मभर नाव ठेवणं माणसाच्या हक्कांना धरून नाही. तो खटला करणाऱ्यांतला एक अकरा वर्षांचा असताना गुन्ह्यात सापडला होता. त्यानंतर मोठ्यांना १५ वर्षांनी आणि अल्पवयीनांना ८ वर्षांनी, माझं नाव काढा असा अर्ज करता येतो. अर्ज म्हणजे सुटका नव्हे, पोलीस तपासून ठरवतात. आमच्या त्या तीन गावांच्या आयांना ठाण्यात जाऊन "हा ऑटोवाला कसा आहे" एवढं विचारायचा हक्क असता, तर मी एसटी चुकवून फाट्यावर उभी राहिले नसते.

धोका मोजायच्या पट्ट्याही तिकडे आहेत. स्टॅटिक-९९ नावाची एक आहे, १९९९ मधली, दहा प्रश्नांची. सुटताना वय किती, आधी असे गुन्हे किती, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, जोडीदाराबरोबर दोन वर्षं राहिला का, असं. मी मुलीबरोबर बसून दोघांनाही लावून पाहिली. पोरग्याला ती लावायचीच नाही, समवयस्कांच्या राजीखुशीच्या प्रकरणांसाठी ती नाही असं तिच्या नियमांत आहे. आणि ऑटोवाला? संसारी माणूस, पहिलाच गुन्हा, मुलगी ओळखीची. तो फार वर जात नाही. मला धक्का बसला. मग ध्यानात आलं की या प्रश्नांत फक्त जुन्या गोष्टी आहेत. सुटल्यावर तालुक्यात दुसरी पन्नास कामं असताना हा माणूस लेकरांच्या ऑटोवर जाऊन बसला, ही आजची गोष्ट त्या दहांत कुठंच नाही. पट्टी परदेशातल्या कैद्यांवरून केलेली आहे, ती उपयोगी असेल, पण मोजणाऱ्यानं गावात येऊन पाहिलं पाहिजे. आणि एकदा पाहून भागणार नाही. गुन्ह्याशिवाय वर्षं गेली आणि वय वाढलं की धोका उतरतो हे त्या शास्त्रातलेच लोक सांगतात. उलट काम बदललं, दारू वाढली, बायको सोडून गेली तर तो चढतोही. दर दोन-तीन वर्षांनी बघितल्याशिवाय कसं कळेल?

यादी या शब्दाची मला भीती वाटते त्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या गावापासून दीड कोसावर पारधी बेडा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंद केली, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती यादी मोडली. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. आजही मोटारपंप चोरीला गेला की पहिली जीप बेड्यावरच जाते. मी स्वतः दोनदा त्या जीपच्या पाठीमागे धावत गेले आहे. जन्मावरून केलेली यादी आणि गुन्हा सिद्ध झालेल्यांची यादी एक नाही, हे मला समजतं. पण नाव काढायची वाट न ठेवता केलेली यादी सरकारनं पुसली तरी लोकांच्या डोक्यातून पुसत नाही, हे मी डोळ्यानं बघते.

आणि यादी रिकामी असली म्हणून गाव सुरक्षित असंही नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. देश पेटला, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण शिक्षा झालेल्यांचीच यादी करायची तर त्या दोघांची नावं तिच्यात कधीच आली नसती. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत शिक्षा तीस टक्क्यांच्याही खाली आहे. बाकीचे यादीबाहेर आहेत, तुमच्याआमच्यात.

त्याच आकडेवारीत दरवर्षी एक गोष्ट ठरलेली असते. शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो: घरचा, शेजारचा, नात्यातला. दोन वर्षांपूर्वी एका घरी गेले होते. आजी सुपात तुरी निवडत होती. नातीनं शाळेतल्या बाईंना काही सांगितलं होतं, काकाबद्दल. मी विचारलं तर आजीचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "लिवू नको माय. त्याचं नाव लागलं तं माह्या दुसऱ्या दोघी नाती कोन करन?" मी लिहिलं. कलम १९ नं लिहावंच लागतं, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि कायदा नसता तरी लिहिलं असतं. पण त्या आजीला आत्ता फक्त कोर्टाची भीती होती. उद्या चौकात फोटो लागणार हे माहीत असेल तर ती शाळेतल्या बाईंपर्यंतही गोष्ट जाऊ देणार नाही. नातीचं तोंड आधीच बंद होईल.

ऑटो सुटल्यावर महिन्याभरात आमच्या गावात गोष्ट फुटली. माझ्याकडून नाही. एका सकाळी त्या माणसाच्या घराच्या भिंतीवर कोळशानं दोन शब्द लिहिलेले. ते मी इथं लिहीत नाही. त्याची बारा वर्षांची मुलगी बादलीत चुना कालवून एकटीच ती भिंत पोतत होती. कोळसा चुन्यातून पुन्हा वर येत होता. तिनं तीन हात दिले तरी अक्षरं पुसट दिसतच होती. मी तिच्या हातातून कुंचला घ्यायला गेले तर तिनं दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. बापाचा गुन्हा झाला तेव्हा ती चार वर्षांची होती. बोर्ड लागला तर त्यावर फोटो बापाचा असेल, पण त्या बोर्डावरून रोज शाळेत ती जाणार.

म्हणून माझं मागणं असं आहे, आणि ते पोरांकडे नाही, सरकारकडे आहे. अशा गुन्ह्यातला माणूस सुटणार असेल तर जेलनं महिनाभर आधी ठाण्याला आणि गावच्या पोलीस पाटलाला लेखी कळवावं. सुटण्याआधी त्याची तपासणी मानसोपचाराचं शिक्षण असलेल्या माणसानं करावी आणि धोका किती, कशापासून, हे दोन ओळींत लिहून द्यावं. ज्याच्यापासून लेकरांना धोका आहे त्याला लेकरांजवळचं काम करायला कोर्टाच्या हुकमानं, ठरावीक मुदतीसाठी मनाई असावी, म्हणजे ठाणेदारांच्या मर्जीवर राहणार नाही. आईबापांना, शाळेला, अंगणवाडीला, आश्रमशाळेला विचारता यावं आणि उत्तर तेवढ्यांनाच मिळावं. वर्ग ठरला की त्या माणसाला कळावं, त्यावर अर्ज करता यावा, काही वर्षांनी पुन्हा बघितलं जावं. पळून जाऊन लग्न केलेली पोरं या यादीतून वेगळी काढावीत. बालन्याय कायद्यानं अल्पवयीनाच्या माथी जन्माचा डाग लागू नये अशी सोय केली आहे, तिला कोणत्याही बोर्डानं धक्का लागू नये. हे सगळं एका दिवसात होणार नाही. सुटकेआधीचा एक कागद मात्र उद्याही निघू शकतो, त्याला नवा कायदा लागत नाही.

पोरांचा राग खरा आहे. मी तो मोडायला निघाले नाही. त्यांच्या बहिणी त्याच फाट्यावरून जातात.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माणसाची बायको माझ्याकडे आली. घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पाटील ताई, भिंतीकडे लक्ष ठेवजा." सामान आधीच बंडीत भरलेलं होतं. कुठं चालले विचारलं तर ती रडायला लागली, आणि त्यानं बैल हाकलले. गावातल्या पोरांना वाटतं प्रश्न मिटला. किल्ली माझ्याकडे खुंटीला आहे. तो सध्या कोणत्या गावात आहे, तिथं काय काम करतो, हे मला माहीत नाही. ठाण्यात विचारलं, त्यांनाही माहीत नाही. जिथं गेला असेल तिथल्या पोलीस पाटलाला तर तो कोण आहे हेच माहीत नसेल.

आपली,
एक महिला पोलीस पाटील
जि. यवतमाळ